बारा जाड पुस्तकं आणि एक लिफाफा

शाळा ही विटांची नसते, ती भावनेची असते, असं मुख्याध्यापिका दर सोमवारी सकाळी सगळ्या मुलांना सांगत. त्या वर्षी मुतारीचं नवं बांधकाम चालू असल्यामुळे मैदानात विटांचा ढीग पडला होता, आणि मागच्या रांगेतली मुलं त्याच ढिगावर बसून हे वाक्य ऐकत.

भावनेसाठी मात्र वर्षातून एकच आठवडा राखून ठेवलेला असे. शेवटच्या वर्गाची मुलं शाळा सोडून जायच्या आधी 'शाळाप्रेम सप्ताह' साजरा होई. तो खेळाच्या शिक्षकांकडे होता. त्यांना मुलं शिट्टीसर म्हणत, कारण ते बोलत कमी आणि वाजवत जास्त. एक शिट्टी झाली की मुलांनी "आमची शाळा!" असं ओरडायचं आणि दुसरी झाली की "एक नंबर!" असं. हे प्रेम अगदी आतून यायला हवं, म्हणून त्याची रोज दोन तास तालीम चाले. ती नेमकी ग्रंथालयाच्या खिडकीखाली चाले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी गौरव समारंभ. शेवटच्या वर्गात मुलं होती बावीस आणि बक्षिसं होती चोवीस. नीटनेटकेपणाचं, वक्तशीरपणाचं, कायम हसतमुख असण्याचं. एक तर वर्षभरात एकदाही छत्री न हरवल्याबद्दल होतं. पण ही सगळी तोंडी लावायला. खरा मान एकच, 'शाळेचा मानबिंदू'. तो एकालाच मिळे. त्याचं नाव बंद लिफाफ्यात असे आणि तो लिफाफा समारंभाच्या शेवटी भरल्या सभागृहासमोर फोडला जाई.

तो लिफाफा आदल्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिकांनी ग्रंथपालांच्या हातात ठेवला.

"उद्या चारपर्यंत सांभाळा. शाळेत कुलूप लागणारं कपाट काय ते तुमच्याकडेच आहे."

"पण बाई, यंदा माझी मुलगीच आहे शेवटच्या वर्गात. नावांच्या यादीतही आहे. माझ्याकडे नको. लोक काय म्हणतील?"

"अहो, म्हणूनच तुमच्याकडे. तुमच्यावर संशय घ्यायचा म्हटलं तर संशयालाच लाज वाटेल."

हे खोटं नव्हतं. ग्रंथपालांना मुलं चूपसर म्हणत. एकोणीस वर्षांत त्यांचा खरा आवाज कसा आहे हे कुणाला कळलं नव्हतं, कारण ते फक्त कुजबुजत. पाचवीत असताना त्यांची लेक ग्रंथालयात एकदा शिंकली. त्यांनी तिला बाहेर नेलं, शिंका पूर्ण करायला लावल्या आणि मगच आत घेतलं. त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं निषेध म्हणून घरात अबोला धरला. चूपसरांना ती संध्याकाळ फार आवडली.

तर चूपसर लिफाफा घेऊन ग्रंथालयात आले, कपाट उघडलं, ठेवायचं ते ठेवलं, कुलूप लावलं, तीन वेळा ओढून पाहिलं आणि किल्ली गळ्यात घातली. संध्याकाळी घरी जाऊन झोपलेही शांत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी सहज, नुसतं बघायचं म्हणून कपाट उघडलं. वरच्या खणात, मधोमध, अगदी काटकोनात एक बसचं तिकीट ठेवलेलं होतं.

चूपसर त्या तिकिटाकडे बघत राहिले. मग त्यांना हळूहळू घाम फुटायला लागला.

त्याचं असं होतं की पुस्तक उघडं पालथं घातलेलं चूपसरांना बघवत नसे. पुस्तकाचा कणा मोडतो. तसं दिसलं की हातात असेल ते खुणेला घालून पुस्तक मिटायचं, ही त्यांची सवय. त्यात डोक्याचा संबंध नसे. आजवर त्यांच्या हातून विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पत्रं अशी पुस्तकांत गेली होती. एकदा तर त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज गेला होता, आणि ते चार दिवस बिनारजेचे सासुरवाडीला राहून आले होते. कालही टेबलावर एक जाड पुस्तक पालथं पडलेलं होतं, हे आता त्यांना आठवलं. त्यांच्या एका हातात लिफाफा होता. दुसऱ्या हातात सकाळचं बसचं तिकीट होतं. हातांनी आपापसांत ठरवून जे करायचं ते केलं होतं.

"कुठलं पुस्तक?" चूपसरांनी स्वतःलाच कुजबुजत विचारलं. जाड होतं. तपकिरी होतं. एवढ्यावर शोधायचं म्हणजे कठीण होतं, कारण ग्रंथालयातल्या तीन हजार पुस्तकांना त्यांनी स्वतःच्या हातानं, एकसारखी दिसावीत म्हणून, तपकिरी कव्हरं घातली होती.

खरी भीती लिफाफा हरवल्याची नव्हती. ती पुढची होती. लिफाफा सापडला नाही तर लोक म्हणणार, लेकीचं नाव नव्हतं म्हणून बापानं गडप केला. चुरगळलेला, फाटलेला सापडला तर म्हणणार, लेकीचं नाव असावं म्हणून बापानं बदलला. आणि खरोखरच तिचं नाव निघालं, तर मग बोलायलाच नको. पोरीनं बारा वर्षं घासून केलेला अभ्यास एका बसच्या तिकिटापायी मातीत जाणार होता. जन्मभर तिच्याबद्दल बोलताना लोक "हो, पण तो लिफाफा..." एवढं म्हणून भुवया उडवणार होते.

त्यांनी पहिल्या फळीपासून सुरुवात केली. एकेक पुस्तक पुठ्ठ्यांना धरून उलटं करायचं आणि झटकायचं. खिडकीखाली शिट्टी वाजली. "आमची शाळा!" दुसरी वाजली. "एक नंबर!" चूपसर झटकत होते. पुस्तकांतून त्यांच्या संसाराचा इतिहास खाली पडत होता: घरमालकाला लिहिलेलं आणि कधीच न पोचलेलं पत्र, दातांच्या डॉक्टरची सहा वर्षांपूर्वीची वेळ, बायकोनं लिहून दिलेली सामानाची यादी, जिच्या तळाशी 'विसरू नका' असं दोनदा अधोरेखित केलेलं होतं. ती यादी पाहून त्यांना आत्ता, नऊ वर्षांनी, त्या दिवशीचं भांडण कशावरून झालं ते कळलं.

दीड वाजता लेक आली.

"बाबा, आई विचारतेय, चांगला शर्ट आणलाय ना बरोबर?"

"श्श. आणलाय."

"पुस्तकं का झटकताय?"

"धूळ आहे."

"धूळ तर मी पहिलीत होते तेव्हापासून आहे." ती जवळ आली. "चेहरा का असा झालाय तुमचा? कुणीतरी पानाचा कोपरा दुमडल्यासारखा."

चूपसरांनी पुस्तक खाली ठेवलं. तिला सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं. पण ती उमेदवार. उमेदवाराला लिफाफ्याबद्दल सांगणं म्हणजे आणखी एक गैरव्यवहार.

"समज, आज तुझं नाव नाही निघालं, तर?"

"तर नाही निघालं."

"आणि निघालं तर?"

"निघालं तर तुम्ही काही बोलू नका, बाबा. काय वाट्टेल ते झालं तरी. प्लीज."

ती गेली. चूपसरांनी त्या 'काय वाट्टेल ते'चा अर्थ लावत आणखी चारशे पुस्तकं झटकली. तिला संशय आलाय. सगळ्यांनाच आलाय बहुतेक.

पावणेचार वाजता, सातव्या कपाटापाशी, त्यांचं लक्ष टेबलावरच्या नोंदवहीकडे गेलं. तिथं कालच्या तारखेला शिट्टीसरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'जाड पुस्तकं — १२.' विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कुठलाही.'

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. काल दुपारी, ते कपाटाला कुलूप लावत असतानाच, शिट्टीसर आत आले होते. "बारा जाड काढून द्या. प्रमाणपत्रं नळीतून गुंडाळून आलीत, सरळ होत नाहीयेत साली. रात्रभर दाबून ठेवतो." असं म्हणून त्यांनी टेबलावरचं पहिलं जाड पुस्तक उचललं होतं आणि बाकीची अकरा फळीवरून वजन बघून निवडली होती. एखाद्यानं ग्रंथालयातून एकदम बारा पुस्तकं नेल्याचा चूपसरांना इतका आनंद झाला होता, की पुढचं काही त्यांच्या डोक्यात राहिलंच नव्हतं.

ते चांगला शर्ट न घालताच धावले.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे शेवटच्या वर्गाची बावीस मुलं, त्यामागे बाकीची शाळा, मागे आईवडील. रंगमंचाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, अजूनही सरळ न झाल्यामुळे वाटायच्या राहिलेल्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर सहा तपकिरी पुस्तकं होती. चूपसरांनी सहाही झटकली. एकातून जुनं कॅलेंडरचं पान पडलं. लिफाफा नाही.

"सर!" ते शिट्टीसरांच्या कानाशी लागले. "बारा नेली होती ना? उरलेली सहा?"

"आहेत की. पायाखाली आहेत."

"कुणाच्या?"

शिट्टीसरांनी मानेनंच रंगमंचाकडे खूण केली.

शाळेचं पोडियम आधीच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या मापानं बनवून घेतलं होतं, आणि ते गृहस्थ सहा फूट दोन इंच होते. आताच्या मुख्याध्यापिका पाच फुटांना दोन इंच कमी. त्या एरवी एका लाकडी खोक्यावर उभ्या राहून बोलत. ते खोकं गवंडी घेऊन गेले होते. म्हणून शिट्टीसरांनी डाव्या पायाखाली तीन आणि उजव्या पायाखाली तीन अशी पुस्तकं रचली होती, आणि बाई त्यांच्यावर उभ्या राहून गेली दहा मिनिटं बोलत होत्या.

"त्यातलं एक काढायचंय."

"भाषण संपू दे."

"भाषण संपल्या संपल्या लिफाफा मागतील त्या!"

"मग द्या की."

"तो पुस्तकातच आहे हो!" चूपसर आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजण्याच्या वरच्या पट्टीत गेले.

शिट्टीसरांचा चेहरा उतरला. समारंभाची जबाबदारी त्यांची होती. "तुम्ही पडद्याखालून जा," ते म्हणाले, "मी गडबड झालीच तर शिट्टी मारतो."

चूपसर गुडघ्यांवर बसले आणि रांगत पडद्याखालून पोडियमच्या मागच्या पोकळीत शिरले. समोरून त्यांचं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या नाकासमोर मुख्याध्यापिकांच्या काळ्या चपला होत्या.

"...आणि म्हणून, मुलांनो, आपण सतत वर वर जात राहिलं पाहिजे," बाई म्हणत होत्या. मग, ओठ न हलवता, "कोण आहे रे खाली?"

"मी आहे बाई, ग्रंथपाल."

"काय करताय?"

"डावा पाय जरा उचला."

बाईंना समारंभांचा तीस वर्षांचा अनुभव होता. व्यासपीठावर काहीही झालं तरी वाक्य तोडायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डावा पाय उचलला. चूपसरांनी वरचं पुस्तक काढून घेतलं. पाय परत टेकला तेव्हा मुख्याध्यापिका तीन इंच डावीकडे कलल्या.

"...आपले विचार नेहमी सरळ असले पाहिजेत," कललेल्या बाई म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज झाली. शिट्टीसरांनी घाबरून शिट्टी मारली. "आमची शाळा!" पाचशे मुलं गरजली. घाबरलेल्या माणसाला एका शिट्टीवर थांबता येत नाही. "एक नंबर!"

पहिल्या पुस्तकात काही नव्हतं. "आता उजवा पाय वर," चूपसर म्हणाले. आरडाओरड्यात बाईंना ऐकू जावं म्हणून ते जरा मोठ्यानं म्हणाले, आणि ते माईकनं उचललं. सभागृहात सगळीकडून गंभीर, अनोळखी आवाज आला: "आता उजवा पाय वर." पहिल्या तीन रांगांनी उजवा पाय वर केला. आठवडाभर त्यांना जे सांगितलं जाईल ते करायची सवय लागली होती. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून पालकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरं पुस्तक निघालं. बाई सरळ झाल्या, पण त्यांची हनुवटी पोडियमच्या कडेला टेकली. तिसऱ्या पुस्तकाला त्या पुन्हा डावीकडे गेल्या. "कितीही संकटं आली तरी पाय घट्ट रोवून उभं राहायला शिका," असं म्हणता म्हणता त्यांचं नाक दिसेनासं झालं. चौथ्या पुस्तकाला फक्त चष्मा आणि कपाळ उरलं. शिट्टीसर आता न थांबता शिट्ट्या मारत होते आणि शाळाप्रेम छताला जाऊन भिडत होतं.

चौथ्या पुस्तकातून लिफाफा पडला. स्वच्छ, चिकटवलेला, कोपरासुद्धा न दुमडलेला. चूपसरांना पायांपाशी बसल्या जागी रडू येईलसं वाटलं.

"आणि आता," चष्मा आणि कपाळ म्हणालं, "तो क्षण!" बाईंचा एक हात नेहमीच्या सवयीनं बाजूला आला आणि उघडा झाला. चूपसरांनी खालून त्यावर लिफाफा ठेवला. बाईंनी तो फोडला, कागद काढला आणि दिव्यासमोर उंच धरला.

खाली बसलेल्या चूपसरांना तो उजेडात आरपार दिसला. कागद कोरा होता. या बाजूनं कोरा, त्या बाजूनं कोरा.

"यंदाचा शाळेचा मानबिंदू," बाईंनी त्या कोऱ्या कागदावरून खणखणीत वाचलं, "आपल्या ग्रंथपालांची लेक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कागद कोरा आणि नाव लेकीचं. याचा अर्थ एकच. कुणीतरी लिफाफा बदलला होता, आणि बाईंना ऐन वेळी काही सुचलं नव्हतं. पायाखालची पुस्तकं काढून घेणारा माणूस बसला असताना त्यांना दुसरं कुणाचं नाव सुचणार? त्यांनी भीतीपोटी त्याच्या मुलीचं नाव घेतलं होतं!

लेक पायऱ्या चढत होती. आता गप्प बसलं, तर जन्मभर गप्प बसावं लागणार होतं. चूपसर उभे राहिले. पोडियमवर मुख्याध्यापिकांच्या कपाळाशेजारी अचानक एक पूर्ण माणूस उगवला. त्याच्या केसांना जळमटं लागली होती.

"थांबा!" चूपसर म्हणाले. आवाज भारी, खर्जातला आणि फार चांगला होता. एकोणीस वर्षं वाया गेला होता. "हे बक्षीस देता येणार नाही."

शिट्टीसरांच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली.

"लिफाफा माझ्याकडून हरवला होता. काल दुपारपासून तो एका पुस्तकात होता आणि ते पुस्तक बाईंच्या पायाखाली होतं. आणि कागद कोरा आहे. मी स्वतः पाहिलाय. माझ्या मुलीचं नाव त्यात नाही. चूक माझी आहे, तिची नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल त्याला द्या, पण तिला कुणी काही बोलू नका."

"अहो, बसा ना खाली!" पालकांमधून एक ओळखीचा आवाज आला. तो त्यांच्या बायकोचा होता.

"कागद कोराच असतो हो," मुख्याध्यापिका पोडियममागून म्हणाल्या. "मी आल्यापासून अकरा वर्षं कोराच आहे. नाव काय, मला पाठ असतं. बंद लिफाफा असला की मुलं शेवटपर्यंत बसतात, म्हणून ठेवते."

"पण मग तिचंच नाव, याला पुरावा काय?"

शिट्टीसर पुढे आले आणि त्यांनी बाजूच्या टेबलावरचं कापड उचललं. खाली एक उंच, चकचकीत कप होता. त्यावर वळणदार अक्षरांत लेकीचं पूर्ण नाव कोरलेलं होतं. मधलं नाव चूपसरांचं स्वतःचं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे... हे सगळ्यांना माहीत होतं?"

पुढच्या रांगेतल्या एकवीस मुलांनी माना डोलावल्या. मागच्या पाचशेंनी डोलावल्या. ज्या मुलाचा दुसरा नंबर आला होता त्यानंही, जरा नाइलाजानं, डोलावली.

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाव मागे घ्यायला लावलं असतं, बाबा," लेक पायरीवरूनच म्हणाली. "आणि आत्ता काय केलंत?"

लेक वर आली. तिनं कप एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं बापाच्या केसांतलं जळमट काढलं, आणि बघणाऱ्यांना हसावं की डोळे पुसावेत ते कळेना, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांनी उरलेल्या दोन पुस्तकांवरून उतरून कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

लोक पांगायला लागले तरी चूपसर शिट्टीसरांपाशी उभे होते. एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती.

"पण सर, असं गुपित फुटतंच कसं? कुणीतरी आतलंच बोललं असणार."

"कुणी बोलत नाही हो," शिट्टीसर प्रमाणपत्रं गोळा करत म्हणाले. "कप कोरायला आठ दिवस लागतात. दुकानदार तो तयार झाला की दुकानाच्या दर्शनी काचेत मांडून ठेवतो."